पायथा वजा करून

५ जानेवारी, रविवार

ही कोरी दैनंदिनी सूनबाईने दिली. देताना म्हणाली, “बाबा, तुमच्या डोंगरवहीत नुसते आकडे असतात. बाकीचं कुठे लिहिता?”

मी म्हणालो, “बाकीचं रविवारच्या पुरवणीत. सगळं शहर वाचतं.”

“ते लोकांसाठी झालं. उरलेलं?”

उरलेलं म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही. घरात येऊन आठ महिने झाले, तरी ही मुलगी मला पुरती कळलेली नाही. भूमापन खात्यात नोकरी करते. बोलते थोडं, पाहते फार. चिरंजीवांचं नेमकं उलट आहे, म्हणून जोडा जमला असावा.

असो. वहीच्या प्रारंभी लेखकाची ओळख असावी असा शास्त्रसंकेत आहे, तो पाळतो. वय चोपन्न. व्यवसाय वार्ताहर. संस्कृत घेऊन पदवी मिळवली आणि अठ्ठावीस वर्षं नगरपालिकेच्या सभांचं वृत्त देतो आहे. विद्या अगदीच वाया गेली असं नाही. तुंबलेल्या गटारांबद्दल लिहिताना प्रलयवर्णनाचा अभ्यास उपयोगी पडतो. व्यसन एकच, डोंगर. एकोणीस वर्षं महिन्यातून एकदा तरी चढतो आणि घरी आल्यावर, हातपाय धुण्याच्या आधी, डोंगरवहीत चार रकाने भरतो: दिनांक, डोंगर, अंतर, चढ.

काल बेरीज केली. अंतर एक हजार पाचशे सात किलोमीटर. चढ नव्व्याण्णव हजार तीनशे अठ्ठ्याऐंशी मीटर. आमच्या मोठ्या टेकडीच्या माथ्यावरच्या दगडावर पांढऱ्या रंगात ६१२ असं लिहिलेलं आहे. ९९,३८८ अधिक ६१२ म्हणजे बरोबर एक लाख. हा योगायोग नव्हे. हिशेब बिघडू नये म्हणून डिसेंबरात एका डोंगराला मी सर्दीचं निमित्त सांगून गेलो नाही. पदभ्रमण मंडळाने सत्कार ठरवला आहे. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, उत्साही गृहस्थ. म्हणाले, “एक लाख मीटर! अहो, हे म्हणजे आकाशाला टाके घालून आलात.”

उरलेलं काही नाही. पान संपलं.

९ जानेवारी, गुरुवार

ही वाचनालयातून आली. ‘ही’ म्हणजे आमचं कुटुंब, वाचकांच्या माहितीस्तव. वाचक नाहीत, तरी सवय. दर गुरुवारी चारला जाते, सहाला येते आणि पुष्कळदा नेलेलंच पुस्तक परत आणते. मी विचारलं, “बदललं नाहीस?” म्हणाली, “बोलत बसलो बायका.” वाचनालयात बोलू नये अशी पाटी आहे, ती बहुधा पुरुषांसाठी असावी.

सध्या राखाडी लोकरीचं काहीतरी विणते आहे. दोन आखूड नळ्या. मी म्हणालो, “माझ्या पायांसाठी असेल तर घोटा आत जाणार नाही आणि पोटरी बाहेर येणार नाही.” तिने सुयांवरून नजर न उचलता म्हटलं, “सगळं तुमच्यासाठीच असतं का?”

१४ जानेवारी, मंगळवार

सूनबाईने डोंगरवह्या मागितल्या. एकूण पाच आहेत. सगळे आकडे संगणकात घालून सत्काराच्या दिवशी पडद्यावर आलेख दाखवायची तिची कल्पना. मला फार आवडली. वह्या काढून दिल्या, पहिलीच्या कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून दिली.

जेवताना चिरंजीवांनी विचारलं की नकाशावरच्या त्या वेड्यावाकड्या रेघांवरून डोंगराची उंची कशी कळते. सूनबाईने डाव्या हाताची मूठ वळली, बॉलपेनने बोटांच्या पेरांभोवती एकाबाहेर एक कडी काढली आणि हळूच मूठ उघडून हात टेबलावर सपाट ठेवला. कडी पसरली. “हा झाला नकाशा. कडी जवळजवळ, तिथे चढ खडा.” सुंदर युक्ती. कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली.

मग ती माझ्याकडे वळली. “बाबा, चढ म्हणजे तुम्ही काय धरता?”

“चढ म्हणजे चढ.”

“म्हणजे कुठून कुठवर?”

“खालून वरपर्यंत,” मी म्हणालो आणि वाढून घेतलं.

२२ जानेवारी, बुधवार

सूनबाईचं काम झालं. वह्या माझ्या टेबलावर परत आल्या आहेत, पहिलीवर चिकटपट्टी होती तशी. तिने दारातून विचारलं, “बाबा, आकडे भरून झाले. एकदा बसूया का दोघं?”

“आज सभा आहे,” मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून आवाज आला, “सभा उद्या आहे.”

“आज तिची पूर्वतयारी आहे.”

सूनबाई म्हणाली, “घाई नाही, बाबा. तुम्ही सांगाल तेव्हा.” आणि गेली. ‘सांगाल’ हा शब्द मला थोडा जास्त वाटला. ‘म्हणाल तेव्हा’ असं म्हणायला हवं होतं. भाषेच्या बाबतीत ही पिढी जरा सैल आहे.

२५ जानेवारी, शनिवार

तीन दिवस टाळलं. ही वही कोणी वाचत नाही, तेव्हा लिहून टाकतो.

दगडावरचं ६१२ ही समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. आपण समुद्रातून चढायला सुरुवात करत नाही. आमच्या टेकडीचा पायथा, जिथे बस थांबते, तोच मुळी साडेतीनशे मीटरच्या आसपास उंचावर आहे. म्हणजे मी ज्याला सहाशे बारा म्हणतो, तो चढ निम्म्याहून कमी आहे. हे एका टेकडीचं नाही. एकोणीस वर्षं प्रत्येक डोंगरापुढे मी माथ्याची उंची लिहीत आलो. पहिली तेरा वर्षं अज्ञानाने.

मग पुढची सहा?

पुढची सहा मला माहीत होतं.

मास्तरांनी सांगितलं होतं. भूगोलाचे मास्तर, तेव्हाच निवृत्त झालेले; अर्ध्या शहराला त्यांनी नकाशा वाचायला शिकवला आहे. मंडळाबरोबर यायचे. पायात जुने कापडी बूट, खिशात घडीचा नकाशा. मोठ्या टेकडीवरून उतरल्यावर आम्ही सगळे झाडाखाली बसलो होतो आणि मी माझी बेरीज मोठ्याने वाचून दाखवत होतो. मास्तर म्हणाले, “वार्ताहर, तुम्ही पोहत आलात का?”

सगळे हसले. मीही हसलो, काय ते न कळता.

“नाही, समुद्रापासून चढ धरलाय म्हणून विचारलं. पायथा वजा करा की.” मग त्यांनी मूठ वळून तिच्यावर पेनने कडी काढली आणि मला शाळकरी मुलाला समजवावं तसं समजावलं. प्रेमाने समजावलं, हेही लिहितो. तो माणूस कुणाला खिजवत नसे. पण दहाबारा लोक हसले होते आणि तेव्हा माझा आकडा पासष्ट हजारांवर गेलेला होता.

घरी येऊन मी एकट्याने आकडेमोड केली. बरोबर होते ते. पासष्टाचे अठ्ठावीस होत होते. कागद फाडला. आणि पुढच्या रविवारी पुरवणीत लेख लिहिला: सहलीला मोजपट्टी घेऊन येणारा, फुलाच्या पाकळ्या मोजल्याशिवाय वास न घेणारा, सूर्योदयाला घड्याळ दाखवून ‘दोन मिनिटं उशीर झाला’ म्हणणारा एक विद्वान. नाव घातलं नाही. उपाधी दिली: मापाचार्य. कापडी बुटांचं मात्र वर्णन केलं.

लेख फार गाजला. आजवर माझ्या कुठल्याही लेखाला एवढे फोन आलेले नाहीत.

मास्तर त्यानंतर मंडळात आले नाहीत. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, असं कोणीतरी म्हणालं. मी ते लगेच खरं मानलं.

त्या मुठीचं लिहिताना काहीतरी आठवल्यासारखं झालं होतं, पण चहा आला.

१ फेब्रुवारी, शनिवार

सूनबाईबरोबर बसलो नाही. नगरपालिका, दातदुखी (खोटी), संगणक बिघडल्याची शंका (माझी). तिने एकदाही आग्रह धरला नाही. आग्रह धरला असता तर मला रागावता आलं असतं.

अध्यक्षांना जाऊन सांगावं असं दोनदा मनात आलं. एकदा दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेलो. आत कोणाचा तरी दात काढत होते. तो आवाज ऐकून परत आलो आणि वाटेत स्वतःला म्हणालो, आत रुग्ण असताना बोलणं बरं दिसलं नसतं.

९ फेब्रुवारी, रविवार

मोठी टेकडी. अंतर ८.४ कि.मी. चढाचा रकाना सकाळी निघण्याआधीच भरलेला होता.

मंडळाचे बावीस जण. सूनबाईही आली, प्रथमच. पायथ्याला बसमधून उतरल्यावर तिने पिशवीतून खात्याचं एक यंत्र काढलं, तळहाताएवढं, आणि बटण दाबून परत पिशवीत टाकलं. मी पाहिलं. पाहिलं नाही असं केलं.

चढताना अध्यक्ष पुढे आणि त्यांचं भाषण त्यांच्याही पुढे. “शेवटचे शंभर मीटर! नव्व्याण्णव हजार नऊशे!” पोरंसोरं टाळ्या वाजवत होती. माझा श्वास लागला होता. चढाने लागला की कशाने, ते यंत्राला विचारायला हवं होतं.

माथ्यावर दगडाशेजारी फोटो. कोणीतरी दगडावरचा ६१२ ओल्या फडक्याने पुसून लख्ख केला. मी त्यावर हात ठेवला. दगड तापला होता. सगळे डब्यांकडे वळल्यावर सूनबाई जवळ आली. यंत्र तळहातावर धरून, बाकी कोणाला दिसणार नाही असा दुसऱ्या हाताचा आडोसा करून, म्हणाली, “बाबा, बघता का?”

“चष्मा आणला नाही,” मी म्हणालो.

चष्मा माझ्या डोळ्यांवर होता.

तिने एक क्षण माझ्या चष्म्याकडे पाहिलं. मग यंत्र बंद केलं, पिशवीत ठेवलं आणि विचारलं, “पाणी देऊ?”

मी पाणी प्यायलो. इतकं गोड पाणी इतकं वाईट कधी लागलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सत्कार झाला. नगरवाचनालयाचं सभागृह. लाकडी फळीवर पितळी पट्टी: ‘एक लाख मीटर आरोहणाबद्दल’. अक्षरं सुबक. ‘आरोहण’ हा शब्द मीच सुचवला होता.

खिशात कागद होता. काल लिहिला होता, तीन वाक्यं. पहिलं: माझा आकडा चुकीचा आहे. दुसरं: तो चुकीचा आहे हे मला सहा वर्षं माहीत आहे. तिसरं: ज्यांनी तो दाखवून दिला त्यांची मी थट्टा केली. साधी वाक्यं. समास नाही, अलंकार नाही.

सूनबाईचा आलेख होताच, पण फक्त अंतराचा. निळी रेघ, एक हजार पाचशे पंधरा किलोमीटरपर्यंत. चढाचा आलेख तिने केलेलाच नव्हता. अध्यक्षांनी विचारलं तेव्हा म्हणाली, “त्याचे आकडे बाबा स्वतः सांगणार आहेत.” किती सफाईने तिने माझ्यासाठी दार उघडून ठेवलं होतं! आणि मी त्या दाराची चौकट न्याहाळत बसलो.

अध्यक्ष म्हणाले, “इतकी वर्षं मी रुग्णांना जे सांगतो तेच आज यांना सांगतो, तोंड उघडा!” सभागृह हसलं. लोक हसले की मला काय होतं, ते मलाच कळत नाही. मी उभा राहिलो, खिशातल्या कागदाला हात लावला आणि म्हणालो, “मित्रहो, एक लाख मीटर चढूनही मी ज्या उंचीचा होतो त्याच उंचीचा राहिलो, याबद्दल सौभाग्यवतींची तक्रार आहे.” हशा. मग दुसरा विनोद. मग तिसरा. वीस मिनिटं बोललो. कागद घामाने मऊ झाला.

ही पहिल्या रांगेत होती. घरी कुलूप उघडताना म्हणाली, “छान झालं भाषण. मास्तर असते तर त्यांनाही हसू आलं असतं.”

मी विचारलं, “कोण मास्तर?”

ती म्हणाली, “फळी कुठे लावायची, सांगा.”

फळी कपाटावर ठेवली आहे, भिंतीकडे तोंड करून. धूळ बसू नये म्हणून.

२३ फेब्रुवारी, रविवार

अखेर सांगितलं. सगळ्या शहराला सांगितलं. आजच्या पुरवणीत लेख आला आहे: ‘समुद्रातून आलेला माणूस’. त्यात मी स्पष्ट लिहिलं आहे की हा गृहस्थ डोंगराची उंची समुद्रापासून मोजतो, म्हणून तो दर रविवारी पहाटे माशांचा निरोप घेऊन, शिंपले झटकत बसमध्ये चढतो. कंडक्टर त्याला तिकिटाऐवजी टॉवेल देतो. एक लाखातले साठ हजार मीटर तो पाण्याखालीच चालला. काहीही लपवलं नाही. हलकं वाटतं आहे.

सकाळपासून फोन. अध्यक्ष म्हणाले, “काय विनय हो तुमचा! एवढा सत्कार झाला आणि स्वतःचीच फिरकी घेतलीत!” मी म्हणालो, “डॉक्टर, ते खरं आहे.” ते इतके हसले की त्यांच्याकडे कोणीतरी पाणी आणून दिल्याचा आवाज आला.

अकरा फोन झाले. कोणाचाही विश्वास बसला नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सूनबाई कचेरीला निघाली होती. मी विचारलं, “वाचलास लेख?”

“वाचला. छान आहे, बाबा.” चपला घालता घालता ती थांबली. “त्या वेळीही असेच सगळे हसले होते.”

“कुठल्या वेळी?”

ती परत आत आली आणि खुर्चीवर बसली. पिशवी मांडीवरच होती. म्हणाली, “मी सरांची विद्यार्थिनी. मला खात्यात नोकरी लागली ते सांगायला त्या रविवारी त्यांच्याकडे गेले होते. सर पेपर वाचत होते. वाचून झाल्यावर कात्री मागितली, लेख कापला, कडा अगदी सरळ, आणि फाइलला लावला. मी विचारलं, सर, हे कोणाबद्दल आहे? म्हणाले, माझ्याबद्दल. मराठी चांगलं आहे माणसाचं.”

बोलण्याजोगं एक वाक्य आलं होतं, पण ते गमतीदार होतं.

“मग त्यांनी कापडी बूट धुऊन वाळत घातले. त्यानंतर मी ते त्यांच्या पायात पाहिले नाहीत.”

“तू लग्नाआधीच का नाही बोललीस?”

“काय बोलू? तुमचं घर मला आवडलं, बाबा. मला वाटलं, ज्याला चूक माहीत आहे तो कधीतरी सांगेलच. म्हणून वही दिली.” ती उठली. “तुमचा खरा आकडा त्रेचाळीस हजार दोनशे अठरा आहे. मी दोनदा केलाय. वाईट नाही, बाबा. एकाही माणसाला तो वाईट वाटला नसता.”

ती गेल्यावर मी या वहीतलं १४ जानेवारीचं पान काढलं. मूठ, पेन, कडी. ‘कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली.’ व्यवसाय वार्ताहर.

२६ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी पाचला मास्तरांकडे गेलो. घर माहीत होतं. सहा वर्षं त्या रस्त्याने न जाण्याइतकं पक्कं माहीत होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पायऱ्या चढताना मोजल्या. सत्तावन्न.

दार मास्तरीणबाईंनी उघडलं. मला ओळखलं. आश्चर्य दाखवलं नाही, हसल्याही नाहीत. “बसा” म्हणाल्या आणि आत वळून, “अहो, आलेत,” एवढंच म्हणाल्या. जणू माझी रोज वाट पाहून पाहून तो शब्द गुळगुळीत झाला होता.

मास्तर खिडकीशी बसले होते. वाळले आहेत. समोरच्या स्टुलावर पाय, आणि दोन्ही गुडघ्यांवर राखाडी लोकरीच्या आखूड नळ्या.

मी त्या नळ्यांकडे पाहत राहिलो. प्रत्येक टाका माझ्या ओळखीचा होता. दीड महिना माझ्यासमोर विणल्या गेल्या. दर गुरुवारी चार ते सहा.

“काय वार्ताहर,” मास्तर म्हणाले. “पायऱ्या मोजल्यात?”

“सत्तावन्न.”

“बरोबर. एक सोळा सेंटिमीटरची. किती झाले?”

“नऊ मीटर. थोडे वर.”

“बसा.”

पाठ करून नेलेलं सगळं कुठेतरी पहिल्या मजल्यावर सांडलं होतं. मी म्हणालो, “मास्तर, पायथा वजा करायचा राहिला होता.”

“कळलं. रविवारी वाचलं. किती आले?”

“त्रेचाळीस हजार दोनशे अठरा.”

“अठरा कशाला? तुमच्या वहीत एवढी अचूकता नाही. त्रेचाळीस हजार म्हणा.” मग जरा थांबून म्हणाले, “पुष्कळ आहेत की.”

“मी तेव्हाच आकडेमोड केली होती. त्याच दिवशी. तुमचं बरोबर होतं.”

हे त्यांना माहीत नसावं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पेपर तपासताना एखादं उत्तर पुन्हा वाचावं तसं. “त्याच दिवशी?”

“हो.”

“लेखाच्या आधी?”

“आधी.”

मास्तरीणबाई दाराशी उभ्या होत्या, त्या आत गेल्या. भांडं आपटल्याचा आवाज आला. मास्तर खिडकीबाहेर पाहू लागले. म्हणाले, “मला वाटायचं, तुम्हाला मी नीट समजावलं नसेल. छत्तीस वर्षं शिकवलं आणि एका शहाण्या माणसाला एक वजाबाकी समजावता आली नाही. पुष्कळ दिवस विचार करत होतो, कुठे चुकलो.”

हे मी कधी मनातच आणलं नव्हतं. ते चिडले असतील, दुखावले असतील, इथवर मी गेलो होतो. त्यांनी स्वतःची चूक शोधली असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी मान खाली घातली ती त्यांच्या गुडघ्यांसमोर, आणि तिथे तर लोकर होती.

“माफ करा, मास्तर. आणि ते नाव...”

“त्याची वजाबाकी होत नाही, वार्ताहर,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. फळ्यावरचं उदाहरण पुसावं तसं म्हणाले. “चहा घेऊन जा.”

घेतला. उतरताना पायऱ्या मोजल्या नाहीत.

घरी आल्यावर हिला म्हणालो, “नळ्या बरोबर बसल्या आहेत.” ती म्हणाली, “डावी जरा सैल आहे.” आणि ताट वाढलं. सहा वर्षांचं बोलणं तेवढ्यात झालं.

२ मार्च, रविवार

पुरवणीत माझ्या सदराच्या जागी चौकट आली आहे. मथळा: दुरुस्ती. मजकूर पाच ओळींचा. माझा चढ सुमारे त्रेचाळीस हजार मीटर आहे, एक लाख नव्हे. ही चूक निवृत्त भूगोल शिक्षकांनी सहा वर्षांपूर्वी दाखवली, ती मला तेव्हाच पटली होती, तरी मी ती लपवली आणि याच सदरात त्यांची थट्टा केली. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी त्यांची माफी मागतो.

संपादक म्हणाले होते, “फारच कोरडं आहे हो. थोडी फोडणी घाला.” मी नाही म्हणालो. “मग वाचणार कोण?” म्हणाले.

त्यांचं बरोबर निघालं. दोन फोन आले. एक अध्यक्षांचा: फळी परत हवी आहे, आवाज पडलेला. दुसरा एका वाचकाचा: या आठवड्यात गमतीचा लेख का नाही?

६ मार्च, गुरुवार

चारला ही निघाली. मी दाराशी उभा राहून म्हणालो, “येऊ का?”

तिने पाहिलं. “चला. पण तिथे विनोद नको.”

“नाही.”

तिसऱ्या मजल्याच्या आधीच्या वळणावर ही दम घ्यायला थांबली. वरून दूधवाला उतरत होता, विशीतला, रिकामी किटली घेऊन. हसतमुख. हिला ओळखत होता.

“मापाचार्यांकडे ना?” म्हणाला. “आहेत, जागे आहेत.”

मी म्हणालो, “मास्तर म्हणायचं त्यांना.”

तो गोंधळला. “कोण मास्तर? इथे वर मापाचार्यच राहतात. तिसरा मजला. फार चांगले आहेत हो, कधी रागावत नाहीत.” त्याने हिच्याकडे पाहिलं, काही चुकलं का म्हणून. त्याला दुसरं नाव ठाऊकच नव्हतं. तो लेख आला तेव्हा तो शाळेत असेल.

“तेच,” ही त्याला म्हणाली. “आम्ही त्यांच्याकडेच चाललोय.”

तो किटली वाजवत खाली गेला. मी कठड्याला धरून उभा होतो. हिने विचारलं, “चढवत नाही का?”

“चढतो,” मी म्हणालो.

नवी डोंगरवही सुरू केली आहे. अंतर दीड किलोमीटर. चढ नऊ मीटर. पायथा वजा करून.